वाळू चाळायचा झारा

"बाबा, तुम्ही बाळाला नीट धरलं असतंत, तर त्याला सावरताना माझी अंगठी वाळूत पडली नसती," असं मी किनाऱ्यावर सासऱ्यांना सगळ्यांदेखत बोलले होते. अंगठी सासूबाईंनी दिलेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मित्राचा मेटल डिटेक्टर आणला आणि वाळू चाळायला जुन्या स्टीलच्या डब्याचा झारा करायला घेतला. भोकांतून वाळू गळावी, अंगठी नको, म्हणून माझी दुसरी अंगठी मापाला नेली. फावड्याचा दांडा बसवताना अंगठा सोलवटला, तरी थांबले नाहीत.

झारा तयार झाला त्याच दिवशी बाळाच्या पावडरच्या डब्यात, पफखाली, मला अंगठी सापडली. त्या दिवशी निघण्याआधी बाळाला पावडर लावताना मीच काढून ठेवली होती. खरं सांगायला तोंड उरलं नव्हतं. संध्याकाळी किनाऱ्यावर बाबांची पाठ वळताच मी ती वाळूत पुरली.

"इथे बघा ना जरा."

यंत्र वाजलं. बाबांनी झारा खुपसून हलवला. वाळू गळाली, अंगठी राहिली. खड्याच्या खाचेत पांढरी पावडर अडकलेली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"सूनबाई, समुद्र हल्ली बाळाची पावडर लावतो वाटतं?"

माझी मान वर होईना. "चुकलं माझं, बाबा."

"असू दे. घरी सांगू, वाळूतच सापडली."

त्यांच्या अंगठ्यावरची पट्टी मला दिसत होती.

"नको," मी म्हणाले. "सगळ्यांदेखत बोलले होते. सांगतेही सगळ्यांदेखतच."