डिस्पॅचआधीची चाचणी

नर्सिंग संपलं. उद्या टाऊनशिपच्या इस्पितळात रुजू व्हायचं होतं आणि माझे हात सकाळपासून थरथरत होते. बाबा कारखान्यात टर्बाइनच्या चाचणी विभागात आहेत; नवा कुकरसुद्धा ते पास केल्याशिवाय ओट्यावर चढू देत नाहीत.

"उद्या डिस्पॅच, तर आज ट्रायल," असं म्हणून ते शेजारच्या देऊस्करकाकांना त्यांच्या बी-बारा इंजेक्शनसकट घेऊन आले. काकाही त्याच विभागातले. मी सुई उचलताच त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"व्हायब्रेशन जास्त आहे, साहेब."

"बेअरिंग नवीन आहे," बाबा म्हणाले.

"काका, बोटं काढा आणि दंड सैल सोडा," मी म्हटलं आणि टोचलं. काकांना कळलंसुद्धा नाही.

"पास," काका म्हणाले.

"एका नमुन्यावर पास करत नाहीत." बाबा बाही सारून बसले. त्यांना इंजेक्शन नव्हतंच, म्हणून मी रक्तदाब घेतला. तो भलताच वर होता.

"यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले.

मी पुन्हा मोजला. तेवढाच.

"यंत्र ठीक आहे. चपला घाला, इस्पितळात जायचंय."

"तुला तर उद्या जायचंय ना?"

"मला उद्या. तुम्हाला आत्ता."