मंजुळेचं दुसरं लग्न

हिराला आपल्या नणंदेच्या लग्नाची बातमी कळली ती बोईसरच्या मासळीबाजारात, आणि तीही एका गिऱ्हाइकाच्या तोंडून.

रंभाबाई तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. मूळची कराडकडची, नवरा तारापूरच्या वीजकेंद्रात कामाला, राहायला कॉलनीत. मासळी खायला ती इथे येऊन शिकली आणि आता कल्ले उचलून पाहिल्याशिवाय पापलेट घेत नसे. त्या दिवशी मात्र तिने मासळीला हातही लावला नाही. खाली वाकून हळूच म्हणाली, "हिराबाई, तुमच्या नवापुरात म्हणे आज सकाळी दोन बायकांनी एकमेकींना हार घातले? देवळात?"

"कोन बोलला?"

"त्या मघाच्या गाडीने बायका आल्या ना, त्यांच्यात तेच चाललंय. जमना आणि मंजुळा अशी कायशी नावं घेत होत्या."

हिराचा मासा कापणारा हात थांबला. मंजुळा म्हणजे तिच्या नवऱ्याची, महादूची, सख्खी धाकटी बहीण. पण हिरा तोंडाने म्हणाली, "आमच्या गावात मंजुळा काय एकच हाय? असल कुनीतरी." मग उरलेली मासळी मिळेल त्या भावाने काढली, टोपली उचलली आणि गाडी धरली.

मंजुळेचं पहिलं लग्न वडराईला झालं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला आणून भावाच्या दारात सोडलं ते कायमचंच. जमनाचा नवरा त्याआधीच वादळात बोटीवरून गेला होता. तिचं किनाऱ्यालगत घर होतं, घरापुढे बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी होत्या, आणि माणूस एकही नव्हतं. मंजुळा तिच्याकडे मदतीला जाऊ लागली, मग जेवायला राहू लागली, मग तिकडचीच झाली. गाव म्हणायचं, एकट्या बाया, एकमेकींना आधार झाल्या, बरं झालं. हिराही तेच म्हणायची. एकदा ती बोंबील मागायला गेली असताना जमना मंजुळेच्या केसांना तेल लावत होती. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी हिराने नजर वळवली. तिला जे कळायचं ते तेव्हाच कळलं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही, एवढंच.

ती घरी न जाता सरळ जमनाच्या अंगणात गेली. दोघी रोजच्यासारख्या वलांडीवर बोंबील टांगत होत्या. मंजुळेच्या कपाळाला हळद होती आणि हातात हिरव्या बांगड्या.

"वयनी, तुला आदी सांगनार होते," मंजुळा म्हणाली. "पन तू नको बोलली असतीस."

"आत्तापन नकोच बोलते! येड लागलं काय तुमाला? इतकी वर्सं एका घरात रायलात, कुनी एक शब्द बोललं? मंग हार कशाला घालायचे? तिकडं माहीमला हंसाचं ठरलंय. होळीनंतर पोरीचं लगीन हाय माझ्या!"

मंजुळेने हातातले बोंबील खाली ठेवले. "दिवाळीत जमनाला पालघरला दवाखान्यात नेलं, आठवतं? पोट कापायचं होतं तिचं. डॉक्टरनं इचारलं, हिचं नात्याचं कोन? मी बोलले, मी. तो बोलला, तू तिची कोन? वयनी, माझ्या तोंडातून शब्दच निघंना. शेजारीन बोलू? मैतरीन बोलू? शेवटी तिच्या दिराला बोलवनं धाडलं. नवरा गेल्यापासून त्यानं तिचं तोंड बगितलेलं नाय. तो दुसऱ्या दिवशी जेवून-खाऊन आला, सही केली, मंग कापलं. तवर ती कशी तळमळत होती ते मी बगितलंय. त्याचा शब्द चालला, माझा नाय."

"म्हनून हार घातले? आता काय डॉक्टर तुझं ऐकनार हाय?"

"नाय ऐकनार," इतका वेळ गप्प असलेली जमना म्हणाली. "पन कुनी इचारलं तर ती गप नाय बसायची. मी पन नाय."

हिरा रडकुंडीला आली. "मस्करी केली म्हनून सांगा. अजून येळ गेलेली नाय. मी सांगते गावात, मस्करी होती."

मंजुळा तिच्याकडे पाहत राहिली. लहानपणापासून ती वयनीला कशालाच नाही म्हणाली नव्हती. आज म्हणाली. हिरा फणकाऱ्याने निघून आली आणि वाटभर दोघींना शिव्या घालत राहिली.

पुढच्या आठवड्यात पालघरजवळच्या माहीमहून निरोप आला की लग्नाचं जरा थांबा. का, ते निरोप आणणाऱ्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. महादू जेवणावरून उठून गेला. हंसा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. नवरामुलगा दिनानाथ तिला आवडला होता. जत्रेत तिने त्याला पाहिलं होतं आणि हसणं लपवता लपवता पुरेवाट झाली होती.

हिरा कुणाला न सांगता माहीमला गेली. दिनानाथच्या आईने, इंदुबाईने, तिला वाडीतल्या विहिरीजवळ बसवलं, चहा दिला, लाडू दिला. हिराने चहाला तोंड लावलं नाही.

"इंदुबाय, सरळ सांगा. माझ्या पोरीत काय खोट हाय?"

"तुज्या पोरीत काय नाय गं. सोन्यासारकी पोर."

"मंग?"

"माझ्या मनात पन काय नाय. त्या बाया तिकडं, आमी हिकडं. आमचं काय जातं? पन लोक हायेत ना."

"कंचे लोक?"

इंदुबाईने घराकडे मान वळवली. "आमचे भावजी बोलले."

भावजी ओटीवर पान लावत होते. हिरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तेही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाय, मला काय करायचंय? ज्याचं त्याच्यापाशी. पन उद्या आमच्या पोरी उजवायच्या तर लोक बोलतील."

ओटीच्या टोकाला दिनानाथ जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही. हिराला वाटलं, हा एक शब्द जरी बोलला तरी आपण इथेच याचे पाय धरू. तो बोलला नाही. परतीच्या गाडीत हिराला राग आला तो मंजुळेचा, आणि त्याहून जास्त त्या जाळं विणणाऱ्या बोटांचा.

गावात तर आता दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. दादू सगळ्यांत पुढे होता. तो महादूचा मावसभाऊ, दोघांची बोट भागीत. बोट घराची आणि बदनामीही घराची, म्हणून त्याला जास्त लागलं असावं. त्याने पंचांना गोळा केलं आणि देवळापुढे जमात बसवली. पुरुष पुढे, बायका मागे. मंजुळा आणि जमना एका बाजूला खांबाजवळ बसल्या. मधे आत्माराम बसले, गावचे जुने जाणते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून सगळ्यांना ओरडून बोलावं लागे आणि ओरडून बोलल्यावर माणसं जास्त चिडत.

दादू म्हणाला, "यांना वाळीत टाका. कुनी मासळी द्यायची नाय, कुनी पानी द्यायचं नाय. असलं लगीन कायद्यात तरी बसतं काय?"

"माझं पयलं लगीन कंच्या कायद्यात लिवलं होतं?" जमना बसूनच म्हणाली. "तवापन हारच घातले होते. तूच होतास की जेवायला."

मागे बायकांत कुणीतरी हसलं. दादू लाल झाला.

आत्मारामांनी हात वर केला. "थांब. वाळीत टाकायचं तर कारन लागतं. यांनी कुनाची होडी फोडली? कुनाचं घर मोडलं? यांच्या लग्नानं ज्याचं नुकसान झालं असल त्यानं उठून सांगा."

थोडा वेळ कुणी उठेना. मग एकजण म्हणाला, हार घातल्यापासून त्याच्या जाळ्याला मासळी लागली नाही. त्याचाच भाऊ पुटपुटला की जाळं फाटलंय ते आधी शिव. दुसरा म्हणाला, आपल्या पोरीबाळी उद्या लग्नाला नाही म्हणतील. त्यावर त्याची बायको मागून म्हणाली, "तुमच्या हाताला बगून नाय म्हनतील, हिला बगून नाय." तो मारकुटा होता हे गावाला ठाऊक होतं. या खेपेला कुणी हसलं नाही. तिसरा उठला आणि म्हणाला की त्याचं तसं काही नुकसान नाही, पण बरं दिसत नाही. एवढं बोलून तो बसला.

"हिराचं झालंय की!" दादू ओरडला. "हंसाची सोयरीक मोडली. इचारा तिला! घरच्याच बाईला इचारा!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. हिरा जमातीत कधी बोलली नव्हती. बायका बोलतच नसत. महादू पुढे बसला होता, तोही वळला. हिरा उठली तेव्हा तिला खरंच वाटत होतं की आता सगळं बोलून मोकळं व्हावं, वाळीत टाका म्हणावं. तिची नजर मंजुळेकडे गेली. मंजुळा खाली पाहत होती. हिराच्या बाळंतपणात हंसाला पहिली अंघोळ हिनेच घातली होती.

"माझं नुकसान झालं," हिरा म्हणाली.

"मोठ्यानं बोल!" आत्माराम म्हणाले.

"माझं नुकसान झालं!" ती ओरडली. "माझी पोर भिंतीकडं तोंड करून बसलीय. झोप नाय मला. पन मी माहीमला जाऊन आले. इंदुबाय बोलली, माझं काय नाय, लोक हायेत. तिचे भावजी बोलले, माझं काय नाय, लोक हायेत. हितं आले तर तुमी पन तेच. मंग ते लोक हायेत कुटं? मला दाखवा, मी त्यांच्या पाया पडते!" तिचा आवाज फाटला. "मंजुळेनं हार घातला तो जमनाच्या गळ्यात. माहीमला जाऊन तिनं सांगितलं नाय. ते सांगायला हितनं कोन गेला? माझ्या पोरीचं लगीन मोडलं ते त्या तोंडानं मोडलं. वाळीत टाकायचं तर त्याला टाका."

माहीमला कोण गेलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. पण दादूची बायको एकदम पदर सावरू लागली आणि दादू समुद्राकडे पाहू लागला, तेव्हा सगळ्यांना कळलं.

आत्मारामांनीही दादूकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला यातलं काय उमगत नाय. माझ्या वयात उमगनार पन नाय. पन मासळी बंद करावी असं मला कुनी काय दाखवलं नाय. उठा." आणि स्वतःच उठले.

वाळीत टाकलं नाही, म्हणून सगळं सुरळीत झालं असं नव्हे. किनाऱ्यावर बोटी लागल्या की बरेच जण जमनाकडे पाठ फिरवायचे, तिला मासळी देत नसत. तेव्हा महादूने एका सकाळी आपल्या बोटीतली बोंबलाची टोपली स्वतः उचलली आणि सगळ्यांदेखत बहिणीपुढे वाळूत नेऊन ठेवली. दादूने त्याच दिवशी भागी मोडली. ते वर्ष महादूला जड गेलं. भाड्याची माणसं घेऊन बोट हाकावी लागली, आणि हिराला बाजारात दुप्पट बसावं लागलं. मासळीबाजारात काही दिवस लोक तिच्याकडे बोट दाखवायचे. रंभाबाई मात्र येत राहिली. एकदा तिने विचारलं, "त्या दोघी बऱ्या आहेत ना?" हिरा म्हणाली, "बऱ्या हायेत. बोंबील घेनार काय त्यांचे? कॉलनीत खपतील." रंभाबाईने शेजारणींसाठीही घेतले.

हंसा आईशी महिनाभर धड बोलली नाही. एकदा म्हणाली, "तू जमातीत ओरडलीस म्हनून ते आता कदीच नाय यायचे." ते खरंच होतं. हिराने नाकारलं नाही. पुढे दिनानाथचं लग्न दुसरीकडे झालं, तेव्हा हंसा दिवसभर आत्याकडे जाऊन बसली. दोघींनी तिला काय समजावलं ते हिराला कळलं नाही. संध्याकाळी पोरगी परत आली ती भूक लागली म्हणत.

वर्ष उलटून गेल्यावर तारापूरहून भगवंतचं स्थळ आलं. या खेपेला हिराने पहिल्या दिवशीच, पाण्याचा तांब्या पुढे करता करता, सगळं सांगून टाकलं. कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका, म्हणाली. भगवंतची आई आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "आमच्या घरात माझी सासू हाय, तिचं तोंड फार वाईट. ते मी पन आताच सांगून ठेवते." आणि सोयरीक जमली.

हंसाच्या लग्नात मंजुळा आणि जमना बायकांच्या पंगतीत बसल्या. दोघी-तिघी उठून दुसऱ्या ओळीत गेल्या. हिराने ते पाहिलं आणि वाढायचं थांबवलं नाही. भगवंतच्या आईने विचारलं, "या कोन?"

"ही माझी ननंद मंजुळा," हिरा म्हणाली. जमनाकडे वळल्यावर ती क्षणभर अडखळली, कारण या नात्याला तिच्यापाशी अजून शब्द नव्हता आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाला ते पुरतं पटलंही नव्हतं. मग म्हणाली, "आनि ही जमना. आमची सोयरीन."

दादू लग्नाला आला नाही. त्याची बायको आली, मांडवाच्या कडेला उभी राहिली, आणि हिराने हात धरून तिला जेवायला बसवलं.