वाटणीतला स्पीकर

कोरीटमध्ये वाटणीला बसलेले पंच म्हणजे एक सुई निघाली तरी मोडून दोघा भावांना अर्धी अर्धी देतील, इतके न्यायी. सुपडूनानांच्या माघारी त्यांच्या घरची वाटणी अशीच झाली. शेत झालं, गोठा झाला, पितळेची भांडी तोलून झाली, आणि शेवटी ओसरीतले दोन जुने स्पीकर उरले. सागवानी खोकी, पुढून मळकट सोनेरी कापड. नंदुरबारहून बदली होऊन जाणाऱ्या रेल्वेच्या एका साहेबाकडून नानांनी ते हौसेनं घेतले होते. त्यांचा अँप्लिफायर नानांच्या आधीच गेला होता, भंगारात. पंचांनी पाहिलं, खोकी दोन, भाऊ दोन. एक थोरल्या अमृतला, एक धाकट्या दोधूला. ही जोडी आहे आणि ती सोबतच वाजते, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

अमृतच्या मात्र आलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन्ही तूच लई जाय दोधू. तुले गाना आवडतस."

पण विहिरीकडचा तुकडा चिठ्ठीत अमृतला निघाला होता आणि दोधूचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. "मन्हा वाटाले एक उना," तो म्हणाला. "माले एक पुरे."

झालं. त्या एका 'पुरे'वरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं आटलं. मधे एकच भिंत, पुढे एकच अंगण, आणि पंधरा-सोळा वर्षं लग्नकार्य किंवा मयत सोडली तर एकमेकांशी शब्द नाही. गावाला वाटायचं, आत काहीतरी मोठं प्रकरण शिजलं असणार. काही शिजलं नव्हतं. थोरल्यानं मायेनं पुढे केलेली वस्तू धाकट्यानं चारचौघांत परत केली होती, आणि दोघेही हट्टाला बापावर गेले होते.

त्यांच्या बायकांनी मात्र हा अबोला मनावर घेतला नव्हता. दोधूची कौसाबाई आणि अमृतची कमलबाई यांच्या वाट्या-पातेली भिंतीवरून इकडून तिकडे चालूच होती. पुरुषांना ते दिसत होतं, पण न दिसल्यासारखं करण्यात त्यांचीही सोय होती.

दोधू नंदुरबारच्या एस.टी. आगारात कारकून होता. निवृत्त होऊन घरी बसला, आणि कोपऱ्यातला तो एकटा स्पीकर त्याला दिवसभर समोर दिसायला लागला. एक पुरे म्हणालो होतो ना, मग तो वाजला पाहिजे, असं त्यानं मनाशी घेतलं. मुलगा भाग्येश सुरतेला नोकरीला. त्यानं दिवाळीला येताना एक चकचकीत अँप्लिफायर आणला. त्यावर निळे दिवे पळायचे. स्पीकर बोलला, आणि गल्लीतली कुत्री उठून गेली. आवाज मोठा होता, पण कानात टोचत होता. गाणारा माणूस गात नव्हता, भांडत होता.

"नानाना टाइमले आसा नव्हता आवाज," दोधू म्हणाला आणि निळे दिवे बंद केले.

नानांच्या वेळी अँप्लिफायरमध्ये काचेचे वॉल्व्ह असायचे. बटण दाबलं की लगेच काही नाही. आधी वॉल्व्ह तापणार, आतली तार लाल होणार, मग कुठे आवाज फुटणार. पण फुटला की वाटायचं, गाणारा आपल्या ओसरीत पाय पसरून बसलाय आणि त्याला चहा विचारायचा राहिलाय. दोधूला तसला अँप्लिफायर हवा होता. नंदुरबारच्या दुकानांत त्यानं विचारलं तर पोरं त्याच्याकडे बघून हसली.

कौसाबाई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवापूरले एक छगनभाई शे. वॉल्व्हना करी देस."

"तुले कोनी सांगं?"

"आयकेल शे."

दोधूनं पुढे विचारलं नाही. बायकोचं बोलणं अर्धंच ऐकायची सवय नडते ती अशी.

मग एके दिवशी स्पीकर गोधडीत बांधून दोघं नवापूरला निघाली. आगगाडीत बसायला जागा मिळाली, पण दोधूनं स्पीकर खाली ठेवला नाही. मांडीवर आडवा धरला, डबा हलला की त्यावर हात दाबला. समोरच्या म्हातारीनं बराच वेळ बघून हळूच विचारलं, "बीमार शे का?" कौसाबाई खिडकीकडे तोंड करून हसली. दोधूनं गोधडीचं टोक जरा बाजूला करून म्हातारीला लाकूड दाखवलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

छगनभाईचं दुकान पुढून कोंबड्यांच्या सामानाचं. पिल्लांना ऊब द्यायचे बल्ब, पाण्याची भांडी, खाद्याच्या लाल-पिवळ्या थाळ्या. मागच्या खोलीत मात्र टेबलावर ट्रान्सफॉर्मर, तांब्याची तार आणि कापसात गुंडाळलेले वॉल्व्ह. छगनभाई साठीचा, जाड भिंगाचा चष्मा लावलेला, अर्धा गुजराती अर्धा मराठी बोलणारा माणूस. "बेसो ने भाई," म्हणून त्यानं स्टूल दिलं आणि गोधडी सोडली. कापडावरून त्यानं बोटं फिरवली, मागची पाटी वाचली, मग चष्मा काढून पुसला.

"कितले वॅट लागतीन?" दोधूनं विचारलं.

"पाच-सहा."

"पाच-सहा? आमना गावमा वरातले हजार बी कमी पडतस."

"घरात वरात काढायची आहे का?" छगनभाई म्हणाला. "जुना स्पीकर आहे भाई. आतला कागद इतका हलका की फुंकर मारली तरी हलतो. त्याला धक्का नको, थोडं पुरतं."

त्यानं टेबलावरचा एक छोटा अँप्लिफायर पुढे ओढला. शाळेच्या पाटीएवढा पत्र्याचा डबा, वर तीन वॉल्व्ह आणि दोन ट्रान्सफॉर्मर, एकाच स्पीकरपुरता. बटण दाबलं. वॉल्व्हच्या पोटात लाल ठिपका उमटला, वाढला. मग छगनभाईनं मोबाइलवर एक जुनं भजन लावलं.

दोधू डोळे मिटून बसला. टाळ वाजत होते पण टोचत नव्हते. गाणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू येत होता. नाना सुपारी कातरत ऐकत असायचे तीच ओसरी, तोच आवाज. बायकोसमोर आणि परक्या माणसासमोर रडायला नको म्हणून दोधूनं खोकल्याचं निमित्त केलं. कौसाबाईला ते कळलं, पण तिनं पाणी आणून दिलं.

"हाऊच दे," दोधू म्हणाला. "एक पुरे."

छगनभाई थबकला. त्यानं आवाज कमी केला.

"तुम्ही कोरीटचे का?"

"हा."

"गेल्या वर्षी असाच एक स्पीकर आला होता. हेच कापड, हीच पाटी. तोसुद्धा गोधडीत. एका पायानं लंगडणारे एक काका घेऊन आले होते. त्यांनी पण विचारलं होतं, किती वॅट."

अमृतचा पाय लकव्यानं गेला होता. त्या पायानं, ते ओझं घेऊन, तो स्टेशनच्या पायऱ्या चढला असणार.

"मी म्हटलं, काका, ही जोडी आहे, दुसरा आणा, दोन्हींना मिळून मोठा अँप्लिफायर करून देतो. तर म्हणाले, दुसरा धाकट्या भावाकडे आहे, आणि त्याला एक पुरतो. मी म्हटलं, मग तुम्ही? तर म्हणाले, त्याले पुरस ते माले बी पुराले पायजे."

दोधूनं कौसाबाईकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुले माहीत व्हतं?"

"कमलबाईनी सांगेल व्हतं. रोज दुपारले लावस तो. हळू लावस. तुले वाटाले नको, का तुले खिजाडाकरता लावस."

"मंग सांगं काब्र नही?"

"तू इचारं कव्हय?"

भिंतीपलीकडे थोरला भाऊ रोज दुपारी अर्धं गाणं ऐकत होता, तेही चोरून, धाकट्याचा शब्द राखायला. आणि इकडे धाकटा तोच शब्द खरा करायला नवापूरपर्यंत आला होता. त्याला स्वतःचा राग आला आणि भावाचाही आला, आणि दोन्ही राग मिळून पोटात नुसती माया उरली.

छगनभाई धंद्याचा माणूस होता, पण घाई करणारा नव्हता. त्यानं कपाटावरून एक मोठा अँप्लिफायर उतरवला. "हा दोन बाजूंचा. दोन्ही स्पीकर याच्यावर चालतील. घ्यायचा तर हा घ्या."

दोधूनं त्याकडे नीट पाहिलं. सुंदर होता. पण हा घरी नेला की अमृतकडे जाऊन म्हणावं लागणार, तुझा स्पीकर दे. नाहीतर म्हणावं लागणार, हा माझा तू ठेव. दे आणि घे, याच दोन शब्दांवर सगळं अडलं होतं. शिवाय थोरल्यानं लंगडत येऊन नेलेला तो छोटा अँप्लिफायर मग अडगळीत जाणार.

"भाऊनी लिना तो कोनता?" त्यानं विचारलं.

"हा तुमच्या समोर आहे ना, याचा जुळा. मी एकेक कधी बनवत नाही. एकाच तारेचे, एकाच खोक्यातले वॉल्व्ह घालून दोन करतो. एक ते घेऊन गेले, हा राहिला."

"आनि हाऊ आनि तो, दोन्ही एकजागे ठेवात ते?"

छगनभाईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "तर मोठ्याची गरजच नाही. एक डावा सांभाळतो, एक उजवा. उलट हेच चांगलं."

"मंग हाऊच," दोधू म्हणाला.

छगनभाईनं अँप्लिफायर पिल्लांच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून दिला आणि वरून एक वायर दिली, एक टोक मोबाइलला लावायचं, दुसरीकडे दोन अँप्लिफायरसाठी दोन फाटे. त्या वायरीचं काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोधू अंगण ओलांडून थोरल्याच्या दारात उभा राहिला. कडेवर स्पीकर, मागे अँप्लिफायर घेतलेली कौसाबाई. अंगण पंधरा पावलांचं नसेल, पण ते ओलांडताना तो दोनदा थांबला होता. भाऊ म्हणाला, कशाला आलास, तर? तर परत फिरायचं, आणि मग या जन्मात पुन्हा यायचं होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आतून हळू आवाजात गाणं येत होतं. कमलबाईनं दार उघडलं, दोघांकडे पाहिलं, आणि बाजूला झाली. खाटेवर अमृत बसला होता. दोधूला बघताच त्यानं घाईनं मोबाइलवरचं गाणं बंद केलं, चोरी पकडल्यासारखं.

"बंद नको करू," दोधू म्हणाला. मग जे ठरवून आला होता ते सगळं विसरून नुसतंच म्हणाला, "एक पुरना नही, भाऊ."

अमृतनं मोबाइल खाटेवर ठेवला.

"माले बी नही पुरना," तो म्हणाला. "ठेव खाले. कंबर धरी लेई."

कोणी माफी मागितली नाही. त्यांच्या घरात ती मागायची रीतच नव्हती. दोन्ही स्पीकर समोरच्या भिंतीला चार हातांच्या अंतरानं लागले. एकाचं लाकूड उन्हानं फिकटलं होतं, एकाचं काळवंडलं होतं. दोधूनं वायरी जोडल्या, फाट्याची वायर अमृतच्या मोबाइलमध्ये खोचली. दोन्ही अँप्लिफायरचे वॉल्व्ह तापेपर्यंत चौघंही लाल ठिपक्यांकडे बघत होती.

गाणं सुरू झालं. डावीकडून पेटी, उजवीकडून तबला, आणि गळा मात्र मधून, जिथे काहीच नव्हतं, नुसती पोपडे आलेली भिंत होती तिथून. अमृत खाटेवर एका कडेला होता. त्यानं मान इकडे केली, तिकडे केली.

"बराबर मझार बठाले पायजे," दोधू म्हणाला. "खाट सरकाडू का?"

"तू बठ मझार. मी रोज आयकस."

"नही, तू बठ."

"मी मोठा शे, सांगस ते आयक."

"म्हनीसनच तू बठ."

दोघी जावा दारात उभ्या होत्या. कमलबाई म्हणाली, "आते पंचस्ले बलावूत का?"

तेव्हा अमृत हसला. दोधूनं वाद घालणं सोडलं, खाट ओढून बरोबर मधोमध आणली, भावाला धरून तिच्यावर बसवलं, आणि स्वतः त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसून पाठ खाटेला टेकवली. आता दोघेही मधेच होते, एकामागे एक. आवाज दोघांनाही सारखा येत होता.

कडवं चालू होतं. अमृतचा हात खाली आला, आणि धाकट्याच्या विरळ पांढऱ्या केसांवर थांबला. ते गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी हात तिथेच होता. नातवंडं असलेल्या दोधूला फार वाटलं, भावानं हात आता काढू नये, आणि तो स्वतः जागचा हलला नाही.