विकत घेतलेला माउस

आजारपणानंतर वहिनीचा उजवा हात थरथरायला लागला. ती भरतकामाच्या मशीनसाठी कॉम्प्युटरवर नक्षी काढून देते, म्हणजे सगळी मदार त्या हातावरच. मग आम्ही एक खास माउस आणला. हात कितीही हलला तरी पडद्यावरची रेघ सरळ जायची. वहिनीचा जीव भांड्यात पडला.

एका सकाळी पडद्यावर सूचना आली. रेघ सरळ ठेवण्याची सोय हवी असेल, तर यापुढे दरमहा वर्गणी भरा.

"भरून टाक ना वहिनी. कशाला डोक्याला ताप?" मी म्हणाले.

"मी माउस विकत घेतलाय, भाड्यानं नाही," म्हणत ती चपला घालायला लागली.

कंपनीच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नियमच तसा आहे."

वहिनीनं सोबत आणलेला माउस भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडायला लावला आणि नक्षीतलं एक पान काढलं. उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. मला कसंसंच झालं. एरवी पाहुण्यांसमोर तो हात ती मांडीखाली दाबून बसते, आणि इथं सगळं दुकान बघत होतं.

"आता तुमची सोय चालू करा."

मुलीनं बटण दाबलं. वहिनीनं पुन्हा पान काढलं. या वेळी अगदी देखणं उतरलं.

"हात तोच, माउस तोच," वहिनी म्हणाली. "मधे फक्त तुम्ही कुलूप घातलंत."

मॅनेजर धावत आला. "आत या ना, चहा घेऊ. तुम्हाला कायमचं फुकट करून देतो."

"मला एकटीला? माझ्यासारखे बाकीचे आहेत, त्यांचं काय?"

रांगेतल्या एका निवृत्त मास्तरांनी खुर्ची ओढली आणि वहिनीशेजारी ठाण मांडलं. "आमचा प्रिंटरही असाच वर्गणीसाठी रुसलाय. आम्हीही थांबतो." मग बाकीचेही बसले. दुकानाचं दार लावायची वेळ झाली तरी कुणी जागचं हललं नाही. मॅनेजर घाम पुसत वरच्या साहेबांना फोनवर फोन लावत राहिला.

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं, की ज्यांनी आधीच वस्तू विकत घेतल्यात त्यांच्याकडून वर्गणी घेणार नाही. प्रिंटरवाल्यांकडूनही नाही.

त्या संध्याकाळी दुकानातून नंबर मिळवून एका अनोळखी बाईंनी फोन केला. त्यांचाही हात थरथरतो, आणि त्या चित्रं काढतात. "दुकानात बसून राहिलेल्या बाई कोण हो?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं फोन थरथरत्या हातातच धरला होता.

"मीच ती," ती म्हणाली, आणि ऐसपैस बसून गप्पा मारायला लागली.