बियाट्रिस शेळीला झालेला साक्षात्कार

शुक्रवारी दुपारचे बारा वाजले की अबेनकोरच्या मोटार स्टँडवरची एकही गाडी जागची हलत नसे. मंकेसिमच्या गाड्या उतारूंनी खच्चून भरलेल्या, ड्रायव्हर जागेवर, पण चावी फिरायची नाही. तिशीच्या आतलं जे कोणी स्टँडवर असेल, म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर, केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या पोरी, फोनची कव्हरं विकणारे, ते सगळे कानाला फोन लावून डोळे मिटून उभे. कोणी मान डोलवतोय, कोणी गालावरचं पाणी पुसतोय.

ओसोफो एलिशा बोलत असत. ओसोफो म्हणजे पाद्रीबाबा. या बाबांना प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना ना चर्च, ना गाडी, ना बायको. 'जागता डोळा' नावाच्या ॲपमध्ये, पांढऱ्या झग्यातल्या चित्रात, त्यांचा मुक्काम असे आणि दर शुक्रवारी ते प्रत्येकाशी वेगळं, नाव घेऊन, खाजगीत बोलत.

मी त्या दिवशी शाळेच्या प्रश्नपत्रिका छापून आणायला मंकेसिमला निघाले होते. ड्रायव्हर एब्बो माझा जुना विद्यार्थी. गणितात बरा होता. त्याच्या फोनमधला आवाज पहिल्या सीटवर मलाही ऐकू येत होता.

"लेकरा एब्बो, मला पाणी दिसतंय. पाण्याच्या काठावर एक बाई रडतेय. तिच्या हातात काहीतरी आहे."

"माझी आई," एब्बो म्हणाला.

आमचं गाव समुद्रकाठचं. पाणी दिसणारच. मासळीचा भाव पाडून मिळाल्यावर काठावर रडली नाही अशी बाई मला दाखवा. आणि हातात काहीतरी असणारच, रिकाम्या हातानं बसलेली बाई या गावात सापडायची नाही.

"एब्बो, छापखाना बंद होईल रे," मी म्हणाले.

"मॅडम, देव बोलतोय. जरा दम धरा."

"देवाला म्हणावं, गाडी चालवता चालवता ऐकतो."

"तुम्ही हसा. गेले चार शनिवार फुटबॉलचा निकाल त्यांनी मला आधी सांगितला. चारही वेळा खरा. तुमच्या गणितात बसतं का हे?"

बसत होतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मी नुसती धुसफुसत बसले.

माझं नाव अराबा. मी आणि माझी थोरली बहीण मान्सा एकाच अंगणात राहतो. मान्साला जुळे मुलगे. आमच्याकडे जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात. आधी येतो तो पान्यिन, मागून येतो तो काक्रा. पान्यिन आईबरोबर मासळी धुरवण्याच्या भट्टीवर राबायचा. काक्रा केप कोस्टला हिशेबशास्त्र शिकत होता आणि आठवड्याअखेर घरी यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बहीण एजुआ बाळंतपणात गेली. गावातल्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली तेव्हा नुकतीच बंद झाली होती, माणसं नाहीत म्हणून. साल्टपाँडला नेताना टॅक्सीच्या मागच्या सीटवर, पान्यिनच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं प्राण सोडला. बाळही गेलं. पुढे निवडणूक आली आणि मॅडम क्वान्सा उभ्या राहिल्या. या निवृत्त नर्सबाई, निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांनी केलेली, या जुळ्यांचंही. निवडून आले तर ती खोली उघडेन, एवढंच त्या सांगत. त्यांच्यासमोर बेंत्सिल, आमचा खासदार. खोली बंद पडली ती त्याच्याच कारकिर्दीत. दोघा भावांनी मतदार यादीत नाव घातलं ते मॅडमना मत द्यायला. त्यांची पोस्टरं आमच्याच ओसरीवर ठेवलेली होती.

आणि एका सोमवारी पान्यिन म्हणाला, "मावशी, ती पोस्टरं मी लावणार नाही."

"का रे? भिंती खराब होतात?"

"ती बाई चेटकीण आहे."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "कोण म्हणालं?"

"ओसोफोंना दिसलं. खोली बंद पडली नाही, तिनं पाडली. बाळंतिणींचा जीव खाऊन म्हातारी टिकलीय. एजुआलाही तिनंच नेलं."

"एजुआ गेली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दाराला कुलूप होतं. तूच ते हलवून आलास ना?"

"चेटकिणीला कुलूप आडवं येत नाही."

वीस वर्षं मी या गावात दोन आणि दोन चार शिकवते आहे. चार येतात सगळ्यांना. पण फोन म्हणाला पाच, तर पाच.

पुढच्याच रविवारी चर्च सुटल्यावर पोरांचा एक घोळका मॅडम क्वान्सांच्या घरावर गेला. आरडाओरडा झाला, दगड पडले. एक दगड अडवताना बाईंचं मनगट मोडलं. त्याच हातांनी त्यांनी त्यातल्या बऱ्याच पोरांना जगात आणलं होतं.

पान्यिन घरी आला तो दारातूनच बोलू लागला. "मी मारला नाही. मी नुसता उभा होतो."

मान्सानं त्याला जेवायला वाढलं नाही. माझ्या बहिणीनं पोटच्या पोराला उपाशी ठेवलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. काक्रा घरातच होता. तोच शेवटी त्याच्यापुढे आपली केंकी सरकवत म्हणाला, "कशाला गेलास? या मतांच्या भानगडीत पडूच नये. ओसोफोंनी सांगितलंय, बोटाला ती शाई लागली की आशीर्वाद धुऊन जातो. मी तर मत देणारच नाही."

पान्यिनचा घास हातात राहिला. "ओसोफो असं म्हणूच शकत नाहीत. मला म्हणाले, मत दे आणि चेटकिणीला पाड."

"खोटं बोलू नकोस."

"तू खोटारडा."

"दोघांचे फोन टेबलावर," मी म्हणाले. वर्गात वापरते तो आवाज आपोआप निघाला.

फोन शेजारीशेजारी ठेवले आणि गेल्या शुक्रवारचे निरोप पुन्हा लावले. तोच शुक्रवार, तेच बारा वाजलेले, तोच पांढरा झगा, तोच मधाळ आवाज. एक बाबा म्हणत होते, मत दे. दुसरे म्हणत होते, मत देऊ नकोस. फुटबॉलचंही तसंच. पान्यिनला सांगितलं होतं कुमासीचा संघ जिंकेल, काक्राला सांगितलं होतं आक्राचा.

"मग आक्रावाले हरल्यावर तुला काय वाटलं?" मी काक्राला विचारलं.

तो ओशाळला. "दुसऱ्या दिवशी निरोप आला होता. तू मनात शंका आणलीस, म्हणून माझी दृष्टी धूसर झाली."

"आणि तू कोणाला बोलला नाहीस."

"आपलंच पाप कोणाला सांगायचं, मावशी?"

पान्यिन अजून हटून होता. "पण त्यांना एजुआचं नाव ठाऊक होतं. ते कुठून आलं?"

काक्रानं आपला फोन पालथा घातला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी लिहिलं होतं. ॲप घेतलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, घरात कोण गेलं, झोप का लागत नाही. तूही लिहिलं असशील."

पान्यिन उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी काक्रानं आठवडाभर कॉलेजला दांडी मारली आणि आम्ही दोघांनी प्रयोग करायचं ठरवलं. शेजाऱ्यांची बियाट्रिस नावाची शेळी आमच्याच अंगणात कसाव्याच्या साली चघळत पडलेली असायची. माझ्या फोनात तिची नोंदणी केली. नाव बियाट्रिस, वय बावीस, धंदा मासळी धुरवणे, धर्म ख्रिस्ती, दुःख काय, तर नवरा सोडून गेला. ॲपनं फोनमधले सगळे नंबर बघायची आणि ती कुठे कुठे जाते ते टिपायची परवानगी मागितली. बियाट्रिसच्या वतीनं काक्रानं ती दिली. मग मान्साच्या फोनात तीच शेळी बिलकिसू झाली. झोंगोत, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या मुसलमानांच्या वस्तीत राहणारी, शिवणकाम करणारी, दुःख काय, तर कोणी आपलं मानत नाही.

निवडणूक तोंडावर आल्यामुळे बाबांनाही घाई असावी. पहिल्याच शुक्रवारी दोघींना साक्षात्कार झाला. आम्ही ते ऐकलं आणि शेळीच्या गळ्यात दोरी बांधून तडक स्टँडवर गेलो. गाड्या अजून सुटायच्या होत्या. गाड्यांची नावं पुकारतात तो कर्णा मी मागून घेतला आणि पहिला फोन त्याला लावला.

"लेकरा बियाट्रिस, आईच्या पोटात होतीस तेव्हापासून मी तुला ओळखतो. तुझ्या नवऱ्याला एका म्हातारीनं बांधून ठेवलंय. तिच्या हातांनी पुष्कळ बाळं घेतली, आता ती तुझ्या मताकडे बघतेय."

"कोण बियाट्रिस?" कोणीतरी विचारलं.

काक्रानं दोरी ओढून शेळी पुढे केली.

आधी कोणाला कळेना. मग हशा पिकला. मी दुसरा फोन लावला. आवाज तोच.

"लेकरा बिलकिसू, आईच्या पोटात होतीस तेव्हापासून मी तुला ओळखतो. ती नर्स म्हणते, झोंगोतले लोक परके, यादीतून त्यांची नावं काढा."

"ही पण तीच," मी शेळीकडे बोट दाखवलं. "सकाळपासून हिनं धर्म बदललेला नाही. उद्याच्या सामन्यात बियाट्रिसला सांगितलंय एक संघ जिंकेल, बिलकिसूला सांगितलंय दुसरा. दोघींपैकी एकीला बाबा खरे वाटणारच. जिचं खरं ठरेल ती गावभर सांगेल. जिचं खोटं ठरेल ती आपलं पाप समजून गप्प बसेल. एब्बो, दर शनिवारी निम्मे गळाले तरी चार शनिवारांनंतर सोळांत एक उरतोच, तो तू; गणित हे एवढंच. आता तुमचे फोन काढा. आवाज मोठा करा आणि बॉनेटवर ठेवा."

थोडी कुरकुर झाली, पण फोन आले. एकाच गळ्यातले वीस-पंचवीस बाबा एकदम बोलू लागले. भट्टीवरच्यांना ती बाई चेटकीण. ड्रायव्हरांना सांगितलेलं, ती स्टँड गावाबाहेर हलवणार. झोंगोतल्यांना सांगितलेलं, ती तुम्हाला हाकलणार. शिकलेल्यांना सांगितलेलं, मतदानच पाप. कारणं वेगळी, पण वाट एकच, मॅडम क्वान्सांना मत पडू नये. यामागे पैसा कोणाचा, याचा पुरावा माझ्याकडे नव्हता आणि मी तसं कर्ण्यावर सांगितलं. झगा आणि आवाज यंत्रानं तयार करता येतात, हेही सांगितलं.

एब्बो डोकं खाजवत म्हणाला, "पण मॅडम, देवाला शेळीशी बोलायची बंदी आहे का?"

"नाही. पण शेळीचा नवरा पळाला असं देवाला तरी वाटू नये."

लोक हसले. एब्बो हसला नाही. त्यानं फोन उचलून खिशात घातला आणि गाडी सुरू केली.

केंकी विकणारी रहिना मागे थांबली होती. "मॅडम, मला ते माझ्या आईबद्दल बोलले होते. तिच्या खोकल्याबद्दल."

"तू लिहिलं होतंस, रहिना."

"आता आठवलं. पण त्यांनी ते लक्षात ठेवलं. दर शुक्रवारी विचारायचे, आई कशी आहे. दुसरं कोण विचारतं?"

मी रोज तिच्याकडून केंकी घेत असे. तिला आई आहे हे मला माहीत नव्हतं. कर्णा परत करताना मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

त्या संध्याकाळी पान्यिन म्हणाला, "मावशी, माझ्याबरोबर ये." आम्ही मॅडम क्वान्सांकडे गेलो. त्या प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून दारात बसल्या होत्या.

"दगड मी मारला नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण मी तिथे उभा होतो."

"बघितलं मी. चष्मा असतो माझ्या डोळ्यांवर."

"ते म्हणतात, तुम्ही एजुआला..."

"पुढे बोल. फोनला विचारलंस, आता मला विचार."

"तुम्ही काही केलंत का तिला?"

"मी घरी होते, पोरा. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असती, तर तुझी बहीण आज तुला शिव्या घालत असती." त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून दाखवला. "जा, उरलेली पोस्टरं घेऊन ये. माझा एकच हात चालतोय."

दोघा भावांनी मिळून पोस्टरं लावली. मतदानाच्या दिवशी दोघांच्या बोटाला शाई होती.

मॅडम क्वान्सा पडल्या, थोड्याच मतांनी, आणि बेंत्सिल पुन्हा खासदार झाला. आमच्या केंद्रावर म्हाताऱ्यांची रांग लांबलचक होती, तरुणांची तुरळक. काक्राच्या वर्गातली निम्मी मुलं फिरकलीच नाहीत. शेळीचा किस्सा त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांनी त्याचा व्हिडिओ पाहिला, हसली आणि घरी बसली. भट्टीवरच्या काही बायका अजून मॅडमना वळसा घालून जातात. निकालानंतर आठवड्याभरात 'जागता डोळा' फोनांतून नाहीसं झालं. आता तोच आवाज दुसऱ्या नावानं केस वाढवायचं तेल विकतो, आणि लोक घेतात. बाळंतपणाची खोली बंद आहे. आमच्या मुली अजूनही साल्टपाँडच्या रस्त्यानं जातात.

मला राग येतो. पोरांचा येतो, बाबांचा येतो आणि आम्हा मोठ्यांचाही येतो, कारण त्यांना काय खुपतंय हे आम्ही विचारलं नाही आणि एका यंत्रानं विचारलं. पण राग करून कोणाचं डोकं ताळ्यावर येत नाही, म्हणून साधं सांगते. पूर्वीचा बुवा चारचौघांत चमत्कार करायचा, त्यामुळे चारचौघांत पकडला जायचा. हा एकेकाच्या कानात बोलतो. ज्याला तुमचं मत हवंय त्यानं तुमच्याशी आणि तुमच्या शेजाऱ्याशी एकच गोष्ट बोलली पाहिजे. बोलतो की नाही, हे बघायला विद्वत्ता लागत नाही. मत देण्याआधी एकदा आपला फोन शेजाऱ्याच्या फोनाशेजारी ठेवा आणि दोघांनी मिळून ऐका.