चार महिन्यांनी थोरली

लेकीचा, मनस्विनीचा, जर्मनीहून फोन आला तेव्हा माधवराव लातूरच्या घराच्या गच्चीवर, भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरींचा गळका नळ दुरुस्त करत होते.

"अण्णा, माझा जन्मदाखला पाठवा. नगरपालिकेचा. शुक्रवारी मला व्हिसा ऑफिसात बोलावलंय."

पान्हा हातातच राहिला.

जर्मनीत तीन वर्षं ती नर्सिंग शिकली. शिकाऊ व्हिसा महिनाअखेर संपत होता. दवाखान्यानं नोकरीचं पत्र दिलं होतं. आता कुशल कामगाराचा परवाना मिळाला तर राहायचं, नाही मिळाला तर गाठोडं बांधायचं.

"पासपोर्ट हाय की तुझ्यापाशी."

"त्यावर भागत नाही म्हणाले. नोंद झाली तिथलाच दाखला पायजे."

नोंद नांदेडला झाली होती. किल्लारीची भुई हलली त्या साली लातूरची माणसं भिंतींना भिऊन उघड्यावर निजत होती. बायकोचे, चंद्रप्रभाबाईंचे, दिवस भरत आलेले, म्हणून भावानं त्यांना नांदेडला माहेरी नेलं. तिथं अकरा ऑक्टोबरला, सोमवारी दिवस मावळताना, मनस्विनी झाली.

पोरीला पहिलीत घालताना मात्र सहा वर्षांना चार महिने कमी पडले. माधवराव त्याच शाळेत, रेणापूरजवळ, मास्तर होते. 'पेरणीच्या टायमाला झालं बगा पोरगं' असं सांगणाऱ्या बापांच्या लेकरांना ते एक जून तारीख द्यायचे. आपल्या लेकीलाही त्यांनी तीच दिली. लातुरात गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागायला लागले होते. पोरीचं एक वर्ष वाचलं तर पुढं डॉक्टरकीला कामी येईल, एवढाच हिशेब. ते वर्ष पुढं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या खेपेत गेलं. तारीख तेवढी कागदावरून कागदावर चढत पासपोर्टात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते नांदेडला गेले. दुपारपर्यंत दाखला हातात पडला. अकरा ऑक्टोबर. अक्षर कसं ठसठशीत.

बाहेर फॉर्म भरून देणारा बसलिंगप्पा बसला होता. त्यानं दाखला पाहिला, फोनमधला पासपोर्ट पाहिला.

"सर, हे दोन कागद एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. एक जूनचा दाखला बनवून देतो. शिक्का बराबर राहील."

"अन् त्यांनी इथं विचारलं तर?"

"जर्मनीचा साहेब नांदेडला येतोय व्हय? आला तर चहा पाजू त्याला."

लिंबाखाली जाऊन माधवरावांनी लेकीला फोन लावला.

"खोटा नको," ती लगेच म्हणाली. "सापडला तर या देशाचं दार कायमचं बंद."

"मग खरा धाडतो."

"खरा दिला की पासपोर्ट खोटा पडतो. आपल्याकडं घरचा वाढदिवस वेगळा, कागदावरचा वेगळा. इथं माणसाला एकच असतो, अण्णा. तीन वर्षं मी वॉर्डात जूनमध्ये केक कापलाय. काय सांगू त्यांना?" मग हळूच म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय. तुम्हीच सांगा."

फोन ठेवून माधवराव प्रतिज्ञापत्र करायला गेले. टायपिस्ट भुजंगनं नेहमीचा मजकूर काढला.

"नजरचुकीनं तारीख चुकली, असं टाकतो. समदे तसंच टाकत्यात."

"बाप मास्तर, रजिस्टर त्याच्याच हातात, अन् पोटच्या पोरीची तारीख नजरेतून सुटली? कोण मानील?" माधवराव म्हणाले. "लिही. मी जाणूनबुजून खोटी तारीख लिहिली. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा यात काही दोष नाही."

भुजंगची बोटं थांबली. "सर, तुमची पेन्शन हाय नव्हं? कुणी नेऊन दाखवलं तर?"

"लिही म्हणलं ना."

माधवरावांनी सही केली. दाखला आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही भुजंगनंच स्कॅन करून धाडले.

शुक्रवारी दुपारी चंद्रप्रभाबाईंनी ताट वाढलं. अडीचला फोन वाजला.

"अण्णा, ऑफिसातल्या बाईनं भाषांतर दोनदा वाचलं. म्हणाली, हे लिहिणारा कोण? म्हणलं, माझे वडील. म्हणाली, याचा त्यांना त्रास होईल, माहीत आहे का त्यांना?"

"तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, माहीत आहे." मग ती म्हणाली, "परवाना नाही दिला. नाही असंही म्हणाली नाही. तीन महिन्यांचा तात्पुरता कागद दिलाय, त्यावर काम करता येतं. तेवढ्यात पासपोर्टची तारीख दुरुस्त करून आणा म्हणाली. नाहीतर..." मागं कुणीतरी तिला हाक मारली. "ड्युटीला चालले, अण्णा."

"काय म्हणाली?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"तीन महिने."

पासपोर्ट बदलायचा तर आधी शाळेचं रजिस्टर बदलावं लागणार होतं, आणि त्यासाठी तोच कागद घेऊन शिक्षण खात्याच्या दारात त्यांना स्वतःच उभं राहावं लागणार होतं. माधवराव उठले. कपाटातून नोकरीचे सगळे कागद काढून, सोमवारी खात्यात कुणी मागितले तर शोधाशोध नको म्हणून, पायाशी एकेक मांडायला लागले.