वर्ना टीसनचं पक्षांतर

ऑगस्टच्या पक्षांतर्गत निवडणुकीत वर्ना टीसन हत्तीवाल्यांच्या, म्हणजे हत्ती चिन्हाच्या पक्षाच्या, काउंटी समितीवर निवडून आली. आठ मतं, विरोधात कुणी नाही. आता हे झालंच नाही असं धरून चालू, कारण वर्नाही बरेच दिवस तसंच धरून चालली होती.

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वर्ना गाढववाल्यांची, म्हणजे गाढव चिन्हाच्या पक्षाची अध्यक्ष. एकतीस वर्षं. पक्षात तिच्यासह नऊ माणसं. सभा तिच्या स्वयंपाकघरात भरायची आणि किती जण येणार ते ओव्हनमध्ये काय आहे त्यावर ठरायचं. बाकी सगळा मुलूख हत्तीचा. नोव्हेंबरची खरी निवडणूक म्हणजे लग्न लागून गेल्यावर वाटलेली पत्रिका. हत्तीवाले आपसात उमेदवार निवडत, तेव्हाच काय ते ठरून जायचं.

त्या वर्षी त्यांच्यात काउंटीच्या कारभारी मंडळासाठी ड्वाइट लॅम उभा राहिला. निवडून आलो की फिरत्या वाचनालयाची गाडी विकणार, म्हणाला. ती गाडी वर्ना चालवायची. साठ मैलांवरच्या रँचवरही महिन्यातून एकदा जायची, आणि तिथल्या गायीसुद्धा तिला ओळखायच्या. ड्वाइटच्या विरोधात कार्ला रस्क. तीही हत्तीचीच, पण गाडी राहू द्या म्हणणारी. कार्लाला मत द्यायचं तर आधी हत्तीवाल्यांच्या मतदारयादीत नाव घालायला हवं, तेही मे महिन्याच्या मुदतीत.

वर्ना काळा चष्मा लावून कचेरीत गेली.

"अगं वर्ना, चष्मा काढ, फॉर्म दिसायचा नाही," नोंदणी बघणारी मार्लिस म्हणाली. ती वर्नाची वीस वर्षांची शेजारीण.

"कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत. आठवडाभर हेच म्हणतेय मी."

"कुणाकुणाला?"

"सांगत नाही म्हटलं ना."

ऑगस्टमध्ये कार्ला सहा मतांनी आली. गाडी वाचली. दुसऱ्या दिवशी मार्लिसचा फोन आला.

"अभिनंदन. समितीवर आलीस."

"कुठल्या?"

"हत्तीच्या. त्या जागेला कुणी उभंच नव्हतं. मतपत्रिकेवरच्या मोकळ्या ओळीवर आठ जणांनी तुझं नाव लिहिलंय."

वर्नाने ती ओळ कोरी सोडली होती. आपल्या पक्षातली बाकीची माणसं तिने बोटांवर मोजली. बरोबर आठ. सगळे चोरून हत्तीत गेले होते, पण हत्तीवाल्याचं नाव लिहायला एकाचाही हात धजला नव्हता.

सप्टेंबरच्या सभेत हत्तीवाल्यांचे अध्यक्ष एल्डन स्टक म्हणाले, "नव्या बाईंनी काहीतरी सुचवावं."

बाईंनी गाडी कायम ठेवण्याचा ठराव मांडला. कार्लाने अनुमोदन दिलं. जाहीरनाम्याचं पहिलं कलम तेच झालं.

"आपण पूर्वी असे नव्हतो," एल्डन हळहळले.

"मीही नव्हते," वर्ना म्हणाली.

इकडे गाढववाल्यांच्या यादीत एकही नाव उरलं नव्हतं. "परत येतेस का?" मार्लिसने विचारलं. पण पुढच्या खेपेला पुन्हा उभा राहतो, असं ड्वाइट सांगत फिरत होता. वर्नाने कागद ओढला आणि निवडणुकांचं काम बघणाऱ्या राज्य सचिवांना अर्ज लिहिला.

"माननीय राज्य सचिव यांस. अर्जदार व इतर आठ जण वाचनालयाच्या गाडीच्या संरक्षणार्थ तूर्त परपक्षात कामावर आहेत. तरी ड्वाइट लॅम निवडणुकीचा नाद सोडेपर्यंतचा काळ मूळ पक्षातून घेतलेली रजा समजावा, अर्जदाराची एकतीस वर्षांची सेवा खंडित धरू नये, आणि तोवर मूळ पक्षाने आमच्या गैरहजेरीत कोणताही महत्त्वाचा निर्णय घेऊ नये, ही नम्र विनंती."